उसन्या चिलखतातली फौज

सामुराईंची फौज जमवायला निघालेला माणूस सुरुवात सेनापतीपासून करतो. दिवाळीच्या किल्ल्यावर आधी महाराजांना सिंहासनावर बसवून मग मावळे मांडावेत, तसंच हे. मी पहिला घेतला तो होंडा तादाकात्सु. त्याच्या शिरस्त्राणावरची हरणाची शिंगं, दाते मासामुनेच्या कपाळावरची चंद्रकोर, कातो कियोमासाचा उंच निमुळता टोप: पुतळी जेमतेम २८ मिलिमीटरची असली तरी ही माणसं हातभर अंतरावरून ओळखू येतात. पण इतक्या वर्षांत माझा जास्त वेळ गेला तो आशिगारूंवर, म्हणजे पायदळातल्या साध्या शिपायांवर. मन रमतं तेही त्यांच्यातच.

टेबलावरच्या युद्धखेळांचा वंश जुना आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली ‘क्रीगस्पील’ आला. १९१३ साली एच. जी. वेल्सने खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. जपानमधली सेंगोकु काळातली यादवी घरोघरच्या पटावर आली ती १९८६ साली, मिल्टन ब्रॅडलीच्या ‘शोगुन’मधून. भला मोठा नकाशा आणि प्लास्टिकच्या शिपायांचे ढीग असा तो खेळ. पुढे २०१३ मध्ये ऑस्प्रेचे ‘रोनिन’ हे नियम आले आणि २०१७ मध्ये वॉरलॉर्डचा ‘टेस्ट ऑफ ऑनर’. या दोन्हींत मूठभर माणसांची चकमक असते, कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराई’त असावी तशी. नवख्याने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. एकदम शंभर पुतळ्या घेणाऱ्याच्या घरी त्या खोक्यातच राहतात.

रशियातल्या झ्वेझ्दाच्या १:७२ प्रमाणातल्या पुतळ्या लहान, पण नेटक्या. माझी ओढ मात्र नॉटिंगहॅमच्या पेरी बंधूंच्या धातूच्या पुतळ्यांकडे. अ‍ॅलन आणि मायकेल हे जुळे भाऊ. १९९६ साली एका ऐतिहासिक लढाईच्या सादरीकरणात झालेल्या अपघातात मायकेल यांचा उजवा हात गेला. त्यानंतर ते डाव्या हाताने पुतळ्या घडवायला शिकले. त्यांच्या शिपायाच्या कमरेची गाठ रंगवताना हे आठवतं आणि हात आपोआप सावकाश चालतो.

आशिगारूचं चिलखत बहुधा त्याचं स्वतःचं नसे. ते सरदाराच्या कोठारातून मिळे. जपानीत त्याला ‘ओकाशी गुसोकु’ म्हणतात, म्हणजे वापरायला दिलेलं, उसनं चिलखत. लोखंडी पत्रे, त्यांवर उरुशीच्या चिकाचं रोगण, छातीवर आणि ‘जिंगासा’ या पसरट टोपावर धन्याचं चिन्ह. हे वाचल्यावर माझी रंगवण्याची पद्धतच बदलली. काळ्या प्राइमरवर आणखी काळा रंग थापून रोगण दिसत नाही. पत्र्यांच्या कडांना बारीक करडी रेघ ओढायची आणि शेवटी चकाकणारं व्हार्निश फक्त पत्र्यांवर लावायचं, कापडावर बिनचमकीचं. मग शेजारचं सुती कापडही खरं वाटू लागतं. चेहरा आणि पायांतल्या गवती वहाणा एका पातळ तपकिरी वॉशवर भागतात. पत्रे बांधणाऱ्या दोऱ्यांना मात्र सुटका नाही, त्या एकेक करूनच रंगवाव्या लागतात. पावसाळ्यात स्प्रे प्राइमर वापरू नये. दमट हवेत त्याचा थर खरखरीत बसतो. एका जुलैत माझे वीस भालाईत असे बिघडले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर प्राइमर ब्रशनेच लावतो.

रंगांच्या बाबतीत आपल्या सगळ्यांवर ‘रान’ची मोहिनी आहे. कुरोसावाच्या त्या १९८५ च्या चित्रपटात तीन भावांच्या फौजा पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण अख्खी फौज एका रंगात, हा इतिहासात अपवाद होता. ई नाओमासाची तांबडी तुकडी हा त्यातला प्रसिद्ध अपवाद. १५८२ साली ताकेदा घराणं बुडालं, त्यांचे बरेच लढवय्ये तोकुगावा इयेयासूने नाओमासाच्या हाताखाली दिले आणि तांबड्या चिलखतांची रीतही त्यांच्याबरोबर आली. एरवी ओळख पटे ती निशाणांवरून. शिमाझूंचा वर्तुळातला क्रॉस, सानादांची सहा नाणी. ती नाणी म्हणजे मेल्यावर सान्झु नदी पार करण्याचं भाडं. पाण्यात भिजवून चिकटवायची तयार चिन्हं मिळतात, तरी ही सहा नाणी मी हातानेच काढतो, प्रत्येकाच्या मधल्या चौकोनी भोकासकट.

भाल्यांबाबत माझी तक्रार आहे. ओदा नोबुनागाच्या भालाईतांचे भाले सहा मीटरहून लांब असत. २८ मिलिमीटरच्या शिपायाच्या हातात तो भाला अकरा सेंटिमीटरचा व्हायला हवा. पुतळ्यांबरोबर येणारे भाले बहुतेक वेळा त्याहून बरेच आखूड असतात. मी पितळी तार कापून, टोक ठोकून चपटं करून लावतो. अशी तुकडी डब्यात मावत नाही, पण टेबलावर उभी राहिली की शत्रूचा घोडेस्वार का बिचकत असेल ते समजतं.

आणि बंदुका. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर तोड्याची बंदूक तानेगाशिमा बेटावर उतरली. जपानी बंदुकीच्या चापाची रचना गोवा-मलाक्काकडच्या बंदुकांशी जुळते, असं शस्त्रांचे अनेक अभ्यासक मानतात. पाचच वर्षांनी, १५४८ मध्ये, कागोशिमाचा आंजिरो जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकत होता. माझ्या टेबलावरच्या या परक्या फौजेला आपल्या किनाऱ्याशी जोडणारा हा धागा मला फार मोलाचा वाटतो. १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत तीन हजार बंदुकांनी तीन रांगांत आळीपाळीने बार काढले, ही गोष्ट आता बरेच इतिहासकार मानत नाहीत. म्हणून मी माझे बंदूकधारी रांगांत न मांडता लाकडी कुंपणाआड टोळ्याटोळ्यांनी बसवले आहेत.

सध्या त्यातले चोवीस रंगवायला घेतले आहेत. चिलखतं झाली, चिन्हं झाली. प्रत्येकाच्या तोड्याच्या टोकाला केशरी ठिपका आणि त्यावर सुईच्या अग्राने पिवळा कण द्यायचा, एवढंच उरलं आहे. काल रात्रीपर्यंत अठरांचे तोडे पेटलेत.