एकादशी, पारणे आणि वजनाचा काटा

आषाढ शुद्ध दशमीची संध्याकाळ म्हणजे गुलमंडीवर पाय ठेवावयास जागा नसते. सुपारी मारुतीचे दर्शन घेऊन पैठण गेटच्या दिशेने निघावे, तो किराणा दुकानांपुढे पिशव्या घेतलेल्या गृहिणींची दाटी. कोणाला साबुदाणा हवा असतो, कोणाला भगर, कोणाला शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू. हातगाड्यांवर रताळ्यांचे ढीग लागलेले असतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरास पायी निघावयाचे, म्हणून तरुण मंडळी केळी बांधून घेत असतात. वातावरण प्रसन्न असते आणि भाव खरा असतो. तथापि दुकानदाराच्या तराजूत पडणारा जिन्नस आणि त्याचे माप पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी स्वतःचीच केलेली थट्टा ओठांवर येते : ‘एकादशी, दुप्पट खाशी.’

ही थट्टा हसण्यावारी नेता येत नाही असे एक घर आज वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. ते गुलमंडीमागच्या एखाद्या गल्लीतले असेल, किंवा कोणाही वाचकाचे स्वतःचे असेल. घरातील गृहस्वामिनी पंचेचाळिशीच्या. सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या असे त्यांचे नेम वर्षानुवर्षे चालत आलेले. गुडघे दुखू लागले, रक्तदाब वाढला, आणि डॉक्टरांनी वजन उतरवावयास सांगितले. चातुर्मास तोंडावर आलेलाच होता. त्यांनी मनाशी ठरविले की, या चार महिन्यांत एकच वेळ जेवावयाचे, एकादशीला तर पाण्यावरच राहावयाचे. देवही पावेल आणि देहही उतरेल.

पुढे काय होते ते बहुतेक घरांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. दुपारी चारपर्यंत निश्चय टिकतो. मग डोके दुखू लागते, हात थरथरतात. मुलांसाठी केलेली खिचडी कढईत उरलेली असते. ती टाकवत नाही, म्हणून उभ्या उभ्याच खाल्ली जाते. रात्री सर्वांची निजानीज झाली की स्वयंपाकघरातला दिवा पुन्हा लागतो आणि लाडवांचा डबा उघडतो. एक, दोन, चार. चव कळेनाशी होते तरी हात थांबत नाही. नंतर येते ती लाज. आपण व्रत मोडले, आपल्याला मनोनिग्रहच नाही, ही टोचणी घेऊन त्या निजतात आणि उद्यापासून आणखी कडक राहण्याचा संकल्प सोडतात. आश्विन उजाडतो तेव्हा वजन कमी होण्याऐवजी दोन किलोंनी वाढलेले असते.

अशा स्त्रीला आपण सहज म्हणतो, ‘जिभेवर ताबा नाही.’ हे म्हणणे अन्यायाचे आहे, आणि ते तसे का आहे हे सांगण्यासाठीच हा लेख.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला. स्वेच्छेने पुढे आलेले ते निग्रही तरुण होते. त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांश घटले. परंतु त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. निर्बंध उठल्यावर कित्येकांनी पोट दुखेपर्यंत खाल्ले, आणि तरीही भूक शमली नाही असे सांगितले. खाण्याचा हा आवेग म्हणजे चारित्र्याचा दोष नव्हे. उपासमार झाली असे देहाला वाटले की तो भूक वाढवितो आणि शक्तीचा खर्च आखडता घेतो. निसर्गाने दुष्काळासाठी केलेली ती तजवीज आहे. आमच्या मराठवाड्याला दुष्काळ काय ते निराळे सांगावयास नको.

त्यात आपली उपवासाची थाळी. शंभर ग्रॅम साबुदाणा म्हणजे सुमारे साडेतीनशे कॅलरी. त्यात पिष्टाखेरीज जवळजवळ काही नाही; प्रथिने नावापुरती, तंतूही तसेच. त्यावर मूठभर दाण्याचे कूट, दोन मोठे चमचे तूप आणि एखादा बटाटा घातला की एका ताटलीची बेरीज सातशेच्या घरात जाते. दोन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी आणि थोडा भात यांचे साधे जेवण साडेपाचशेच्या आसपास असते, आणि त्याने पोट अधिक वेळ भरलेले राहते. म्हणजे उपवासाच्या दिवशी खाणे अधिक झाले आणि भूक मात्र लवकर परतली!

येथे एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची, राजगिरा आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके होत. पैठणजवळच्या आपेगावी जन्मलेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या काळी यांतील एकही जिन्नस या भूमीत नव्हता. एकादशी मात्र होती. वरी, म्हणजे आपली भगर, हे जुने भरड धान्य. त्यात साबुदाण्यापेक्षा तंतू आणि प्रथिने अधिक. भगर, शेंगदाण्याची बेताची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही असा फराळ केला तर जीभही रुसत नाही आणि चार वाजता डोकेही दुखत नाही.

आता शास्त्राकडे वळू. कडकपणा हीच धार्मिकता असा आपला समज कोठून झाला कोण जाणे. ग्रंथांत तो दिसत नाही. दशमीस एकभुक्त, एकादशीस उपवास आणि द्वादशीस वेळेवर पारणे, अशी तीन दिवसांची ही बांधणी आहे. तीत उपासानंतर अन्नावर तुटून पडण्यास जागाच ठेवलेली नाही. धर्मशास्त्राने आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असे सांगितले. त्यांत पाणी, कंदमूळ, फळ आणि दूध तर आहेच, पण औषधही आहे. मधुमेहाची गोळी एकादशीला चुकविणाऱ्या आजीबाईंनी हे लक्षात ठेवावे. आठ वर्षांखालील मुले आणि ऐंशीच्या पुढचे वृद्ध यांना सूट आहे; रोगी आणि गर्भवती यांनाही सवलत आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर भगवंतांनी स्पष्टच सांगितले की, अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. दोन्ही टोके एकाच श्लोकात एका मापाने मोजली आहेत, याकडे आपले लक्ष जात नाही.

वैद्यकाचेही तेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश असे दोघेही निंदित म्हणून एकत्र घेतले आहेत. स्थूलासाठी तेथे जव, मूग, कुळीथ, ताक ही पथ्ये सांगितली आणि व्यायामादी उपाय क्रमाक्रमाने वाढवावेत असे म्हटले. ‘क्रमाने’ हा शब्द मोलाचा आहे. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक मोकळा ठेवावयास सांगितला. ताटावरून उठताना थोडी जागा शिल्लक असावी, एवढाच त्याचा अर्थ.

आधुनिक शास्त्र यापासून फार दूर नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली असून, वजन उतरविण्याचा आहारही दिवसाला एक हजार कॅलरींच्या खाली नसावा असे म्हटले आहे. ‘महिन्यात दहा किलो’ अशी जाहिरात दिसली की पान उलटावे. तसेच, काटा हा एकटा साक्षीदार पुरेसा नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि आपल्या एका ब्रिटिश सहकाऱ्याचे उदाहरण दिले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु ब्रिटिश गृहस्थांच्या अंगी चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याच्या पोटातही चरबी लपते. म्हणून कंबरेची दोरी महत्त्वाची : स्त्रियांची 80 सेंटिमीटरपेक्षा आणि पुरुषांची 90 सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये.

दिवसातून किती वेळा खावे, यावर 2018 च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघरी वाद रंगले. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी नेली. ऋजुता दिवेकर यांनी घरचे पारंपरिक अन्न थोड्या थोड्या अंतराने खावे असे मांडले. दोहोंना अनुयायी पुष्कळ. प्रस्तुत लेखकास वाटते ते एवढेच की, ज्यांना दिवसभर उपाशी राहून रात्री आवेगाने खाण्याची सवय जडली आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा आणखी कमी करण्याच्या फंदात पडू नये. त्यांचे औषध उलट दिशेला आहे : सकाळी वेळेवर न्याहारी, दुपारी बसून जेवण, संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ, आणि रात्री दिवेलागणीनंतर फार उशीर न करता ज्वारीची भाकरी, भाजी, वरण. दिवसा देहाची फसवणूक झाली नाही, तर रात्री तो डबा शोधीत नाही. जेवणानंतर गुलमंडीहून औरंगपुऱ्यातून खडकेश्वरापर्यंत पायी जाऊन यावे. दर्शन होते आणि पायही मोकळे होतात.

गोडाचेही तसेच. सणाला इमरती घरात आली, तर ती वर्ज्य म्हणून शपथ घेऊ नये. शपथेने तिची गोडी दुप्पट होते. एक घ्यावी, ताटात घ्यावी, सर्वांबरोबर बसून खावी. आणि एखाद्या दिवशी चार खाल्ल्या गेल्याच, तर दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहू नये. नेहमीचे जेवण नेहमीच्या वेळी जेवावे. आवेगाचे चक्र तुटते ते याच ठिकाणी.

मात्र हा आवेग आठवड्यामागून आठवडे येत असेल, चोरून खाणे आणि नंतरची टोचणी यांनी मन पोखरले जात असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. 2013 पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे. घाटी रुग्णालयात किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन हे बोलून दाखविण्यात कमीपणा नाही. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर कोणताही उपवास त्यांना विचारूनच धरावा.

उरली घराची गोष्ट, आणि ती पुरुष मंडळींनी ऐकावयाची आहे. त्या गृहस्वामिनी सर्वांच्या पाठीमागून जेवतात. कढईत उरेल ते त्यांच्या वाट्याचे. कधी कमी, कधी नको इतके. कोणी त्यांना आग्रहाने वाढत नाही, आणि पुरे झाले का असेही विचारीत नाही. स्वतःचे माप त्यांना कधी मिळालेलेच नाही, मग ते पाळावयाचे कसे?

परवा द्वादशी आहे. सकाळी देवपूजा आटोपून नैवेद्य दाखविला जाईल, वरणभाताचा वास गल्लीत पसरेल आणि पाने मांडली जातील. त्यांत त्यांचेही एक पान सर्वांबरोबर मांडावे, आणि मुलाने किंवा यजमानांनी पहिली वाढणी त्या पानावर करावी.