आधी मोजणी, मग नळ : बेळगावच्या पाण्याचा मागोवा

खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली या जुन्या पेठेतल्या घरांना पाणी साठवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. परसातली विहीर, मग पितळी हंडे, मग पत्र्याचे पिंप, मग अंगणाखालचा संप आणि गच्चीवरची काळी टाकी. पालिकेचे नळ आले तरी हा क्रम थांबला नाही, कारण नळाला पाणी कधी येणार हे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला ठाऊक, घरातल्या बाईला नाही. या शहराने शंभर वर्षांत पाण्याच्या किती योजना स्वीकारल्या आणि त्यांपैकी कुठल्या आधी तपासून स्वीकारल्या, याचा हिशेब आता मांडायला हवा.

सुरुवात १९२४पासून करावी लागते. डिसेंबर १९२४मध्ये काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन बेळगावात भरले. महात्मा गांधी ज्याचे अध्यक्ष झाले, असे हे एकमेव अधिवेशन. टिळकवाडीच्या माळावर ‘विजयनगर’ उभे राहणार होते आणि हजारो माणसे मुक्कामाला येणार होती. गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याची सोय आधी केली. तिथेच मोठी विहीर बांधून घेतली आणि तिला पंपा सरोवर असे नाव दिले. किती माणसे येतील आणि पाणी कुठून मिळेल, हे प्रश्न तंबू ठोकण्याआधी विचारले गेले. ती काँग्रेस विहीर आजही आहे.

पुढे मार्कंडेय नदीवर राकसकोप जलाशय झाला आणि नंतर हिडकलहून घटप्रभेचे पाणी आले. राकसकोपची पातळी २४७५ फुटांवर गेली का, हे पावसाळ्यात बेळगावकर आजही रोज सकाळी वर्तमानपत्रात पाहतात. पण धरण भरले म्हणजे घरी पाणी आले, असे नव्हते. जुन्या वाहिन्या झिरपत होत्या, मीटर नव्हते किंवा बंद पडले होते, त्यामुळे वाटेत किती पाणी जाते हे सांगायला कोणाकडेच आकडा नव्हता. १९९०च्या दशकात टंचाई आली तेव्हा शहर जुन्या विहिरींकडे वळले. त्या वेळी पालिकेच्या अभियंत्यांच्या जोडीला इथल्याच महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे जाणकार होते. कुठल्या विहिरीत खात्रीचे झरे आहेत हे पाहून गाळ काढायच्या विहिरी निवडल्या गेल्या. या कामाचा उल्लेख आपल्याकडे फारसा होत नाही. मला मात्र ते शहराने केलेल्या उत्तम कामांपैकी एक वाटते.

खरी परीक्षा आली ती चोवीस तास पाणी योजनेने. एप्रिल २००४मध्ये जागतिक बँकेने कर्नाटकच्या शहरी पाणी सुधारणा प्रकल्पाला ३ कोटी ९५ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्गा ही तीन ठिकाणे निवडली. पण सगळ्या शहराला एकदम हात घातला नाही. लोकसंख्येच्या साधारण दहा टक्के भागात आधी करून पाहायचे ठरले. काम फ्रान्सच्या व्हिओलिया कंपनीकडे गेले. विभाग निवडताना कसोटी अशी होती, की त्याच्या वाहिन्या बाकीच्या जाळ्यापासून वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. तसे झाले की विभागात शिरणारे पाणी एका ठिकाणी मोजता येते, घराघरांतल्या मीटरांची बेरीज त्यातून वजा करता येते आणि उरते ती गळती. विभागात नव्या वाहिन्या पडल्या, झोपडपट्टीतल्या घरांनाही स्वतंत्र जोडण्या मिळाल्या आणि २००८पासून तिथे चोवीस तास दाबाने पाणी सुरू झाले. भारतातल्या शहरात हे जमणारच नाही, असे ठामपणे सांगणारे तेव्हा पुष्कळ होते. ते खोटे ठरले.

चोवीस तास पाणी म्हणजे केवळ चैन नव्हे. वाहिनी रिकामी होते तेव्हा तिच्यातला दाब जातो आणि शेजारच्या गटाराचे पाणी फटींतून आत ओढले जाते. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी दोन्ही प्रकारच्या विभागांची तुलना केली, तेव्हा अधूनमधून येणाऱ्या पाण्यात जंतू जास्त सापडले. चोवीस तास पाणी असलेल्या घरांत टायफॉइडच्या तक्रारी सुमारे ४० टक्क्यांनी कमी होत्या. मात्र लहान मुलांच्या साध्या जुलाबांत एकूण फरक दिसला नाही. दोन्ही गोष्टी जशा आढळल्या तशा छापल्या गेल्या.

इथपर्यंत नियोजन चोख. चूक त्यानंतर झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा टक्क्यांचे यश पाहून उरलेल्या नव्वद टक्क्यांचा प्रश्न सुटल्यासारखे बोलले गेले. प्रात्यक्षिक विभागातल्या वाहिन्यांचा खर्च कर्जातून आणि सरकारी पैशांतून झाला होता. शहरभर तसे करायचे तर पैसा किती, उगमापासून जास्तीचे पाणी किती, जुन्या पेठेतल्या अरुंद गल्ल्या किती वेळा खणाव्या लागतील, हे हिशेब वेगळेच होते. दुसऱ्या टप्प्याचे १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर व्हायला २०१६ उजाडले. म्हणजे एका गल्लीत दिवसरात्र पाणी आणि पलीकडच्या गल्लीत रात्री जागून पिंप भरणे, ही स्थिती वर्षानुवर्षे राहिली. ज्यांच्या घरी पाणी आले नाही त्यांना यशाचा अहवाल काय कामाचा?

आता शहरभर वाहिन्या घालण्याचे काम एल अँड टीकडे आहे. खडेबाजारातल्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी नगरसेवकांना चार आकडे विचारावेत : आपल्या विभागात रोज किती पाणी शिरते, मीटरवर किती नोंदले जाते, उन्हाळ्यात राकसकोप आणि हिडकल मिळून किती देऊ शकतात आणि देखभालीचा खर्च पुढची वीस वर्षे कोण उचलणार. उत्तरे लेखी मागावीत, रस्ता खणण्याआधी मागावीत.