काळ्या पाषाणात पाणी मुरवताना

धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी पडतो, हे अर्धेच कारण. उरलेले अर्धे जमिनीखाली आहे. इथला खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर. वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक पाणी धरतो, पण अखंड काळा पाषाण भेगा असतील तिथेच पाणी घेतो. त्यामुळे एका बांधावरची विहीर भरते आणि शेजारची कोरडी राहते.

कृत्रिम पुनर्भरणात या भेगांपर्यंत पाणी पोचवायचे असते. बालाघाटच्या उतारांवर समतल चर, खाली सिमेंट नाला बंधारे आणि पाझर तलाव, हा क्रम योग्यच. २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरणावर जोर आला. पण खोदताना मुरूम संपून पाषाण उघडा पडला, तर पाणी मुरत नाही, उन्हात उडून जाते. खोदण्याआधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यायलाच हवा.

दुसरा शत्रू गाळ. पहिल्याच पावसाळ्यात मातीचा बारीक थर तलावाच्या तळाशी बसतो आणि पाझर मंदावतो. ओढ्याचे पाणी विहिरीत सोडताना दगड, खडी, वाळूचा गाळणखड्डा हवाच, नाहीतर झरेच बुजतात.

सगळ्यात जास्त खटकते ते प्लास्टिक अंथरलेले शेततळे. विंधन विहिरीतून उपसलेले पाणी त्यात साठवले, की पुनर्भरणाची दिशाच उलटी होते. कळंब, वाशीच्या पट्ट्यात उसाला पाणी द्यायचे, तर मुरलेल्या पाण्याचा हिशेब गावाने दिवाळीनंतर, पीक निवडण्याआधीच मांडावा.