चिंधीचे फूल आणि रिबनचे फूल

घरी केलेल्या कापडी फुलांचा गेल्या पन्नास वर्षांचा मागोवा बायकांच्या हौसेपासून सुरू केला, तर तो लवकरच अडतो. त्याची सुरुवात कापडापासून करावी लागते. ही कला मागे का पडली असे विचारले की दोन उत्तरे लगेच मिळतात: बायकांना वेळ उरला नाही, आणि बाजारात प्लास्टिकची फुले स्वस्त झाली. दोन्ही खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. वेळ नसतानाही गौरींची आरास होते, दिवाळीत दारासमोर रांगोळी उमटते, लग्नघरात रुखवत मांडले जाते. स्वस्त वस्तू बाजारात आली म्हणून घरची प्रत्येक वस्तू हरते असेही नाही. लोणची आणि गोधड्या अजून घरोघरी होतात. माझे म्हणणे असे, की कापडी फूल जोवर घरातल्या उरल्यासुरल्या सुती कापडाचे होते तोवर प्लास्टिकशी त्याची तुलनाच होत नव्हती. ते विकत आणलेल्या पॉलिएस्टरचे झाले आणि प्लास्टिकच्या पंगतीला जाऊन बसले. तिथे ते हरणारच होते. आज कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याची भाषा सुरू असताना हा फरक ध्यानात घेणे फार गरजेचे झाले आहे, आणि निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतसारख्या गावाला तर तो जास्तच लागू पडतो.

आधीचे कापडी फूल कशाचे होत असे? मुंबईच्या गिरण्यांची मलमल, व्हॉइल, पॉपलिन, आणि परवडले तर ऑर्गंडी. ब्लाउज बेतून झाल्यावर उरलेले तुकडे, विरलेल्या धोतराचे पदर, आणि ओटीत आलेले ब्लाउजपीस. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी नीट पाहिलेलेच नाही. ओटीतला ब्लाउजपीस कित्येकदा न शिवताच एका घरातून दुसऱ्या घरी फिरत राहतो. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मराठी घरात नव्या कापडाचा एक छोटा साठा बिनवापराचा पडून असतो. सुती कापडाची अडचण अशी, की कापले की धागे सुटतात. म्हणून त्याला आधी दाट खळ द्यायची, ताणून वाळवायचे आणि मग पाकळ्या कापायच्या. पाकळी उभ्या-आडव्या धाग्यात न कापता उरेब कापायची, म्हणजे कडेला बोटाने ताण दिला की ती गुलाबाच्या पाकळीसारखी वळते. मधली खोलगट जागा गरम केलेल्या पळीच्या बुडाने दाबून आणायची. पराग म्हणजे डिंकात बुडवून रंगीत रव्यात घोळवलेली दोऱ्याची टोके. देठाला तार, तारेवर हिरव्या कापडाची पट्टी. यात विकत आणण्यासारखे फारच थोडे होते. तयार साचाही नसल्यामुळे जास्वंद करायची तर खरी जास्वंद उकलून पाकळ्या मोजाव्या लागत आणि कागदावर ठेवून त्यांची आकृती काढून घ्यावी लागे. पाहण्याची ही शिस्त त्या फुलाची खरी किंमत होती, आणि शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला हे काम शोभून दिसे ते त्यामुळेच.

या फुलांहून कितीतरी जुनी, घरीच होणारी कापसाची एक वस्तू महाराष्ट्रात आहे: वस्त्रमाळ. पिंजलेला कापूस बोटांनी ओढून, वळून, जागोजाग कुंकवाने रंगवून केलेली ही माळ गणपतीला आणि गौरींना लागते. प्लास्टिकच्या लाटेत ती वाहून गेली नाही. हल्ली तिला टिकल्या आणि जरी लागते, बचतगटांच्या टेबलावर ती विकायलाही असते, पण कापूस मात्र हटलेला नाही. पूजेत देवाला वस्त्र म्हणून कापूसच चालतो, हे त्याचे कारण. कापडी फुलाला असे संरक्षण कधीच नव्हते. देवाला ताजे फूल वाहायचे, हा नियम पक्का असल्याने कापडी फुलाची जागा देव्हाऱ्याबाहेर राहिली: मखरात, दारावरच्या तोरणात, रुखवतात, शोकेसमधल्या फुलदाणीत. तिथे त्याने कशाचे असावे याचा नियम नव्हता. जिचे द्रव्य ठरलेले होते ती वस्तू टिकली आणि जिचे ठरलेले नव्हते ती वाहत गेली. माझ्या म्हणण्याला यापेक्षा जवळचा पुरावा सापडणार नाही.

द्रव्य बदलले ते ऐंशीच्या दशकात, आणि त्याचा उगम घरात नव्हता. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्या त्यातून पूर्ववत उभ्या राहिल्या नाहीत आणि कापड विणण्याचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे अधिकाधिक सरकले. त्याच १९८२मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. जून १९८५च्या केंद्राच्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती आणि कृत्रिम धाग्यांत भेद न करण्याची भूमिका घेतली, आणि पॉलिएस्टरला मोकळा रस्ता मिळाला. मऊ, बारीक सुती कापड घरातून हळूहळू कमी होत गेले. न चुरगळणारे, लवकर वाळणारे कापड आले. गृहिणींनी ते आनंदाने घेतले आणि त्यात गैर काही नव्हते, धुण्याचे कष्ट त्यांचेच होते. पण त्यामुळे घरातली चिंधीही पॉलिएस्टरची झाली. पुढे २००१मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले. चिनी बनावटीच्या फुलांचे गुच्छ आणि वेली तालुक्याच्या गावातल्या कटलरीच्या दुकानापर्यंत पोहोचल्या. त्याच दुकानात सॅटिनची रिबन, तयार पुंकेसर, हिरवी टेप आणि ग्लू गनच्या काड्याही मिळू लागल्या. घरी फूल करणारी बाई आता विकतचा माल आणून फूल करू लागली, आणि शेजारच्या फळीवर तेच फूल तयार टांगलेले होते.

पॉलिएस्टर आल्यावर हातही बदलला. सॅटिनची पाकळी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरली की कड वितळते, धागे सुटत नाहीत आणि पाकळी आपोआप वळते. खळ नको, उरेब नको, पळी नको. काम सोपे झाले, हा त्याचा गुण. पण रिबनची रुंदी ठरलेली, घड्या ठरलेल्या, म्हणून फूलही ठरलेले. इंटरनेट स्वस्त झाल्यावर मोबाइलवर शिकवण्या आल्या आणि एकच गुलाब निपाणीत, निफाडात आणि नागपुरात सारखाच होऊ लागला. या शिकवण्यांनी हजारो जणींना सुई-कात्री धरायला लावली, याबद्दल मला आदरच आहे. तरीही जे फूल कारखान्याच्या फुलासारखे गुळगुळीत व्हावे अशी करणारीची इच्छा आहे, त्याच्या शेजारी कारखान्याचे फूल ठेवले की गिऱ्हाईक स्वस्ताकडे वळणार. दोष गिऱ्हाइकाच्या अरसिकतेत शोधणे मला पटत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप फूलउत्पादकांचा आहे. मुघल काळात ज्या नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, त्या जिल्ह्यात आजही दिंडोरी तालुक्यातील मोहाडी आणि जानोरीच्या शिवारात पॉलीहाउसमधला गुलाब पिकतो. दसऱ्या-दिवाळीला झेंडूचे ढीग बाजारात येतात आणि भाव कोसळला की ते तिथेच टाकून द्यावे लागतात. या शेतकऱ्यांचे म्हणणे असे, की कृत्रिम फूल कोणतेही असो, ते आमच्या ताटातला घास आहे. थर्माकोल आणि प्लास्टिकवरची राज्याची बंदी २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने आली. १ जुलै २०२२पासून लागू झालेल्या केंद्राच्या एकल वापराच्या प्लास्टिकबंदीच्या यादीत सजावटीचा थर्माकोल आहे, पण प्लास्टिकची फुले नाहीत. या फटीवर बोट ठेवून फूलउत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २०२५च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याचे आश्वासन सरकारने दिले. शेतकऱ्यांची ही मागणी रास्त आहे असे मी मानतो. फक्त तिचा रोख नीट धरायला हवा. ताज्या फुलाची जागा बळकावली ती मंगल कार्यालयांच्या मंचावर भिंतभर लागणाऱ्या आयात फुलांनी. महामार्गालगतच्या कोणत्याही कार्यालयात लग्नतिथीला जाऊन पाहावे. घरी चार ओंजळी फुले करणाऱ्या बाईने ती कधी बळकावली नाही, कारण तिचे फूल हारात, वेणीत किंवा पूजेच्या तबकात जात नव्हते. तोरणापुरती दोघांची गाठ पडते हे खरे. पण सुती तोरण बारा महिने दारावर राहते आणि दसऱ्याला त्याच्यावरच झेंडूची माळ चढते.

दुसरा आक्षेप माझ्या बाजूच्या लोकांना अडचणीचा आहे. तुम्ही ज्याला कापडी फूल म्हणता ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर सॅटिनचे, नायलॉनच्या जाळीचे आणि ग्लू गनच्या डिंकाने चिकटवलेले असते, म्हणजे तेही प्लास्टिकच, असे कोणी म्हटले तर उत्तर एकच: होय, तेही प्लास्टिकच. ‘हाताने केलेले’ एवढ्या शिक्क्यावर त्याला सूट मागणे योग्य होणार नाही. मागायची तर सुती कापड, सुती दोरा आणि खळ यांनी झालेल्या फुलासाठी मागावी. त्यावर व्यवहारी माणूस विचारेल, की सुती फूल धूळ धरते, पावसाळी हवेत मलूल होते, धुतले की खळ जाते. ते घेणार कोण? अडचण खरी आहे, पण ती पूर्वीही होती आणि तेव्हा फूल दर सणाला उकलून, पाकळ्या धुऊन, पुन्हा खळ देऊन बांधत. वितळवून चिकटवलेले फूल उकलता येत नाही, दोऱ्याने बांधलेले येते. ब्रिटनमध्ये १९२१ साली युद्धस्मृतीसाठी विकली गेलेली लाल पॉपीची फुले युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समधल्या बायका-मुलांनी केलेली, कापडाची होती. पुढे त्या फुलात प्लास्टिक शिरले, आणि २०२३मध्ये तिथल्या माजी सैनिकांच्या संस्थेने ते काढून टाकून निव्वळ कागदाचे फूल आणले. लाखोंच्या संख्येने खपणाऱ्या वस्तूतून प्लास्टिक मागे घेता येते, तर मखरातल्या फुलातून का घेता येऊ नये?

तिसरा आक्षेप मजुरीचा, आणि त्याकडे या कलेचे कौतुक करणारे सहसा पाहत नाहीत. घरबसल्या फुले करणे हा जगभर फार वाईट मोबदल्याचा धंदा राहिला आहे. लंडनमध्ये नोव्हेंबर १८६१मध्ये मॅटिल्डा शूरर ही १९ वर्षांची मुलगी कापडी पानांवर आर्सेनिकचा हिरवा रंग चढवता चढवता विषबाधेने मेली. न्यूयॉर्कच्या चाळींत आई आणि लहान मुले मिळून फुले करीत. लुईस हाइनने त्यांची छायाचित्रे काढली आणि मेरी व्हॅन क्लीक यांनी १९१३च्या पुस्तकात त्या धंद्याची चिकित्सा केली: हंगामी काम, ग्रोसावर ठरलेली तुटपुंजी मजुरी, आणि मुलांचे राबणे. घरून काम करणाऱ्यांच्या हक्कांबाबत आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा करार १९९६मध्ये झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून बंदी आली की बचतगटांना फुलांचे काम द्या, असे कोणी सहज म्हणाले तर मला धास्ती वाटते. ठेकेदार रिबन देणार, नगावर दर लावणार आणि स्वयंपाकघरातून अख्खा मांडव सजवून घेणार, हे होऊ शकते.

या बाबतीत पिंपळगावच्या परिसराकडे एक तयार माप आहे. फळासाठीच्या गोड्या छाटणीआधी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात, द्राक्षबागेतले काम हलके असते. पण त्याच सुमारास टोमॅटोचा तोडा सुरू होतो, आणि गौरी-गणपती ते दिवाळी हा आराशीचा हंगामही तेव्हाच येतो. म्हणजे फुले करणाऱ्या बाईला दुसरा रोज उपलब्ध असतो. दिवसभराच्या फुलांचा मोबदला तोड्याच्या रोजाइतका पडत नसेल, तर तो धंदा नव्हे. मग ती हौस म्हणून करावी आणि विकूच नये. असे माप लावले की बरेच ठोक काम आपोआप बाद होते आणि थोडे, नेमके, चांगल्या किमतीचे काम उरते. पॅरिसमध्ये १८८०पासून चाललेले लेमारिए हे फुलांचे घराणे शनेलने १९९६मध्ये विकत घेतले, आणि तिथे कॅमेलियाची फुले आजही हाताने घडवली जातात. तो श्रीमंतांचा बाजार आहे आणि आपल्याला त्याचा उपयोग मर्यादित आहे. पण हाताच्या कामाला भाव मिळतो तो कमी संख्येत, हे त्यातून कळते. कापडाची तर इथे वाणच नाही. पिंपळगाववरून जाणाऱ्या महामार्गावरच उत्तरेला मालेगाव आहे, जिथले माग आजही सुती आणि मिश्र कापड विणतात. येवल्याच्या पैठणीचे माग शेजारच्या तालुक्यात आहेत. आणि ओटीतले ब्लाउजपीस घरोघरी कपाटात पडलेले आहेत.

बंदीचा मसुदा लिहिणाऱ्यांना म्हणूनच सांगणे आहे, की ‘कृत्रिम फूल’ एवढाच शब्द लिहून थांबू नका. फूल कशाचे आहे ते लिहा. प्लास्टिक, पॉलिएस्टर, नायलॉन, फोम यांवर बंदी घाला, सूत आणि कागद वगळा. बचतगटांना काम देणाऱ्यांनी दर नगावर न लावता तासावर लावावा आणि तो शेतातल्या रोजापेक्षा कमी नसावा. आणि घरी फुले करणाऱ्यांनी यंदा गणपतीच्या आधी कटलरीच्या दुकानात रिबन घ्यायला जाण्यापूर्वी कपाटातले सुती ब्लाउजपीस बाहेर काढून एकाला खळ देऊन पाहावी.