शिवाजी विद्यापीठ

महाराष्ट्राच्या दक्षिण भागातील कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांचे अध्यापनात्मक व संलग्नक विद्यापीठ. मुख्य ठिकाण कोल्हापूर. स्थापना १८ नोव्हेंबर १९६२. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. ‘ज्ञानमेवामृतम्’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. कोल्हापूर शहरालगतच्या सागरमाळावर ८५३ एकरांचा त्याचा परिसर पसरला असून मुख्य इमारतीसमोर शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी घडविलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे.

पूर्वपीठिका : या प्रदेशातील उच्च शिक्षण विद्यापीठापेक्षा बरेच जुने आहे. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० मध्ये आणि सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. ही महाविद्यालये प्रथम मुंबई विद्यापीठाशी व १९४९ नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य व शिवचरित्राचे अभ्यासक डॉ. बाळकृष्ण यांनी संस्थानी काळातच कोल्हापुरात शिवछत्रपतींच्या नावाचे विद्यापीठ असावे, अशी कल्पना मांडली होती. परंतु संस्थानी राजवटीत ती आकारास आली नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यास १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय व कराडला १९५४ मध्ये सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय काढले. कोल्हापुरात बापूजी साळुंखे यांची श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था १९५४ पासून कार्य करू लागली. शेतकरी व कष्टकरी कुटुंबांतील मुलांची पहिली पिढी अशा रीतीने पदवीपर्यंत येऊन पोहोचली, आणि पुण्याहून चालणारा कारभार तिला दूरचा वाटू लागला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण व शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांच्या पुढाकाराने विद्यापीठाचा प्रश्न मार्गी लागला. हे दोघेही सातारा जिल्ह्यातील होते, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही.

स्थापनेच्या वेळी ३४ महाविद्यालये व सु. १४,००० विद्यार्थी विद्यापीठाच्या कक्षेत होते. आरंभी सोलापूर व रत्नागिरी हे जिल्हेही त्याच्या अधिकारक्षेत्रात होते. कोकणचा भाग पुढे मुंबई विद्यापीठाकडे गेला आणि २००४ मध्ये सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ निघाले. वैद्यकीय शिक्षण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे वर्ग झाले. साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचे समूह विद्यापीठ २०२१ मध्ये अस्तित्वात आले. क्षेत्र असे आक्रसत गेले, तरी महाविद्यालयांची संख्या मात्र अनेक पटींनी वाढली. कारभार प्रथम १९६२ च्या स्वतंत्र अधिनियमाने व पुढे १९७४ च्या अधिनियमाने चाले. १९९४ पासून राज्यातील विद्यापीठांना समान कायदा लागू झाला व त्याची जागा २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने घेतली.

संशोधन व सांस्कृतिक कार्य : पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहाससंशोधक होते व सु. बारा वर्षे ते या पदावर राहिले. माळरानावर इमारती उभारीत असतानाच त्यांनी करवीर राज्याच्या कागदपत्रांकडे लक्ष पुरविले. त्यांनी संपादिलेले ताराबाईकालीन कागदपत्रे हे खंड विद्यापीठाने प्रसिद्ध केले. महाराणी ताराबाईंचा काळ तोपर्यंत बव्हंशी साताऱ्याच्या व पेशव्यांच्या बाजूने पाहिला जात होता. कोल्हापूरच्या बाजूची अस्सल साधने अभ्यासकांच्या हाती आल्याने तो तोल बदलला. राजर्षी शाहूंविषयीच्या कागदपत्रांचे संपादन विलास संगवे व बी. डी. खणे यांनी केले. प्रादेशिक विद्यापीठाने आपल्या प्रदेशासाठी काय करावे, याचे हे दोन्ही प्रकल्प उत्तम नमुने होत. अन्य विद्यापीठांनी ते केले नसते, असेच म्हणावे लागते.

‘कमवा व शिका’ या भाऊरावांच्या तत्त्वावर चालणारे डॉ. आप्पासाहेब पवार विद्यार्थी भवन त्यांच्याच दृष्टीचे स्मारक आहे. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय परिसरातच आहेत. विज्ञान शाखांत भौतिकीतील पातळ थरांवरील संशोधन आणि सह्याद्रीतील वनस्पतींचा अभ्यास यांना देशभर मान्यता मिळाली. २०२१ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने विद्यापीठास ‘ए प्लस प्लस’ ही श्रेणी दिली. युवा महोत्सवांतून एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य यांना मिळालेले व्यासपीठ हेही विद्यापीठाचे लक्षणीय कार्य आहे. गावच्या जत्रेपुरते उरलेले गजीनृत्यासारखे प्रकार त्यामुळे महाविद्यालयीन तरुणांनी शिकून घेतले.

जत व विद्यापीठाचा पूर्व सीमाभाग : विद्यापीठाच्या कार्याचे मोजमाप कोल्हापुरात करण्यापेक्षा जतमध्ये करणे अधिक बोधप्रद ठरते. जत हा सांगली जिल्ह्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका. डफळे घराण्याचे जत संस्थान मार्च १९४८ मध्ये विलीन झाले व त्याचा भाग १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. या जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. पाऊस अत्यल्प, जमीन हलकी, मेंढपाळी महत्त्वाची; माडग्याळ येथील मेंढी प्रसिद्ध आहे. कृष्णेचे पाणी म्हैसाळ योजनेने काही भागात आले, तथापि पूर्वेकडील गावांची पाण्याची मागणी दीर्घकाळ प्रलंबित राहिली. अशा प्रदेशात शिक्षण हेच दुष्काळी कुटुंबाचे दुसरे पीक मानले जाते, आणि पहिल्याप्रमाणेच तेही बेभरवशाचे असते.

विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा जतच्या विद्यार्थ्यास पदवीसाठी सांगली किंवा कोल्हापूर गाठावे लागे. १९६९ मध्ये बापूजी साळुंखे यांच्या संस्थेने येथे राजे रामराव महाविद्यालय सुरू केले व विद्यापीठ प्रथमच तालुक्याच्या ठिकाणी आले. त्याचा सर्वांत मोठा परिणाम मुलींच्या शिक्षणावर झाला. मुलास नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात ठेवणे शक्य असे; मुलीस परगावी ठेवण्यास घरची मंडळी सहसा राजी होत नसत. एस.टी.ने सकाळी जाऊन दुपारी परत येता येईल असे महाविद्यालय असणे वा नसणे, यावरच तिचे पुढचे शिक्षण ठरे. प्राध्यापकांचे वेतन, ग्रंथसंग्रह, प्रयोगशाळा यांबाबत शहरी व दुष्काळी भागांतील महाविद्यालयांना नियम एकच लागू होतात. मिळणारे विद्यार्थी व साधने मात्र एकसारखी नसतात. जवळपासच्या महाविद्यालयांनी परस्परांची साधने वापरावीत यासाठी विद्यापीठाने राबविलेली अग्रणी महाविद्यालय योजना या दृष्टीने उपयुक्त आहे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. तालुक्याच्या पूर्व भागातील अनेक घरांत कन्नड बोलली जाते व तेथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्यापुढे पदवीच्या वर्गात मराठी किंवा इंग्रजी उभी राहते. शाळेत हुशार ठरलेला मुलगा केवळ शब्दांपायी मागे पडतो, आणि गुणपत्रिकेत या कारणाची नोंद होत नाही. दुसरीकडे विजापूर (विजयपुर) हे शहर जतला कोल्हापूरपेक्षा जवळचे असून तेथे २००३ पासून कर्नाटक राज्याचे महिला विद्यापीठही आहे. त्यामुळे काही विद्यार्थी सीमा ओलांडून शिकतात. दोन्ही भाषा जाणणारे हे विद्यार्थी सीमाभागाच्या इतिहासाचे, लोकपरंपरांचे व संतसाहित्याचे उत्तम अभ्यासक होऊ शकतात. मराठी व कन्नड यांच्या प्राचीन संबंधांच्या अभ्यासास तर असेच मनुष्यबळ हवे. या दिशेने जेवढे काम व्हावयास हवे होते, तेवढे झालेले नाही.

सोलापूर जिल्हा वेगळा झाल्यावर शेजारचे सांगोला व मंगळवेढे हे तालुके दुसऱ्या विद्यापीठात गेले आणि जत हे शिवाजी विद्यापीठाचे पूर्वेकडील टोक उरले. येथून कोल्हापूर शंभर किमी.हून अधिक अंतरावर आहे; एखाद्या प्रमाणपत्रासाठीही पूर्वी विद्यार्थ्याचा अख्खा दिवस व एक दिवसाची मजुरी जाई. काही कामे संगणकीय पद्धतीने होऊ लागल्याने हा त्रास पुष्कळ कमी झाला. सांगली जिल्ह्यात विद्यापीठाचे उपकेंद्र असावे, ही मागणी जुनी आहे. ते कोणत्या गावी व्हावे याविषयी मात्र तालुक्या-तालुक्यांत मतभेद होत आले.