जादूगार रघुवीर आणि तळहातावरचा नारळ

रिकाम्या टोपीतून रंगीत रुमाल निघू लागले की आजोबा आणि नातू सारख्याच उत्सुकतेने माना उंचावतात. महाराष्ट्रात ही करमणूक लोकप्रिय करणाऱ्यांत जादूगार रघुवीर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचे मूळ नाव रघुनाथ भोपळे. जन्म १९२४ चा. गाव चाकणजवळचे आंबेठाण. शरद जोशींच्या अंगारमळ्यामुळे पुढे शेतकऱ्यांना ठाऊक झाले तेच. गरिबीतल्या या मुलाचे शिक्षण पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात झाले. जादूच्या जोरावर त्याने देशोदेशी प्रयोग केले आणि 'प्रवासी जादूगार' हे पुस्तकही लिहिले. १९८४ साली ते वारले. मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ही कला पुढे चालवली.

रंगमंचावरचा जादूगार तिकीट घेऊन डोळ्यांना चकवतो. सारी हातचलाखी आहे, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. तीच चलाखी दैवी शक्ती म्हणून पुढे आली, की घर बुडते. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवत व लगेच त्यामागचे कारण सांगत, ते यासाठीच. २०१३ साली त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला.

माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणी भागांत बोअर घेण्याआधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला, की तिथे पाणी! वास्तविक बोटे किंचित कलली तरी नारळाचा तोल बदलतो. दुबेळकी काडी ताणून धरली, की मनगटाच्या जराशा हालचालीने ती फिरते. पाणाड्या लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही आपला हात हललेला कळत नाही.

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते मुरमाच्या थरात, भेगांत आणि सांध्यांत. म्हणून शेजारच्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी पाहा, ओढ्याची दिशा पाहा, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करा. भूवैज्ञानिकाचा अंदाजही कधी चुकतो; पण त्याची कारणे विचारता येतात, नारळाला विचारता येत नाहीत.

शेतकरी बंधू-भगिनींनो, जत्रेत जादू जरूर पाहा, टाळ्या वाजवा. पण कर्ज काढून बोअर घेताना मात्र डोळे उघडे ठेवा.