बॉयलरचा 'किलो' आणि पुस्तकातला पास्कल

पुण्याजवळ मांजरी बुद्रुक येथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही १९७५ साली स्थापन झालेली साखर-संशोधन संस्था आहे. साखर कारखान्यातील माणसे बॉयलरविषयी बोलताना 'एकवीस किलोचा', 'सत्त्याऐंशी किलोचा' असे म्हणतात. हा किलो बॉयलरच्या वजनाचा नव्हे. तो वाफेच्या दाबाचा. दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोग्रॅम वजनाइतके बल, असा त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकात मात्र दाबाचे एकक पास्कल, म्हणजे दर चौरस मीटरवर एक न्यूटन बल. या दोहोंची सांगड अशी घालता येते :

१ किग्रॅ. वजनाचे बल = ९.८०६६५ न्यूटन
१ चौ.सेंमी. = १/१०,००० चौ.मी.
∴ १ किग्रॅ./चौ.सेंमी. = ९.८०६६५ × १०,००० = ९८,०६६.५ पास्कल

दुसऱ्या पायरीवर विद्यार्थी हमखास चुकतात. एका मीटरचे सेंटिमीटर शंभर, म्हणून ते शंभरानेच गुणतात आणि उत्तर शंभर पट कमी येते. फळ्यावर एक मीटर बाजूचा चौरस काढून त्यात एक सेंटिमीटर बाजूचे चौरस किती मावतील, हे त्यांनाच मोजायला सांगावे.

बार म्हणजे १,००,००० पास्कल. म्हणून 'एक किलो' म्हणजे ०.९८ बार, आणि एकवीस किलो म्हणजे २०.६ बार किंवा २.०६ मेगापास्कल. हवामानखात्याचा हेक्टोपास्कल म्हणजे १०० पास्कल. जुना मिलिबार तोच.

गणित येथे संपते, पण एक प्रश्न उरतो : शून्य कोठे धरले आहे? साधा दाबमापक उघड्या हवेत शून्य दाखवतो. तो वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच मोजतो. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, त्यामुळे येथे हवेचा दाब सुमारे ९५० हेक्टोपास्कल, म्हणजे ०.९५ बार असतो. प्रेशर कुकरमध्ये मापकावर 'एक किलो' दाब असेल, तर आतला एकूण दाब ०.९८ + ०.९५ = १.९३ बार. या दाबाला पाणी सुमारे ११९° से. तापमानाला उकळते. वातावरणाचा दाब मिळवायचे विसरलो, तर कोष्टकातून ९९° हे उत्तर मिळेल. मग कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते, हे कोडेच राहील.

म्हणून उत्तराशेजारी केवळ एकक नव्हे, तर दाब मापकावरचा की एकूण, हेही विद्यार्थ्यांना लिहायला लावावे.